मूळव्याधीवर रबर बँड : नाशिकच्या एका लहान दवाखान्यातील तीन सिटिंगचा अनुभव

माझ्या मुलीचे आणि माझ्या मूळव्याधीचे वय एकच आहे : २६ वर्षे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत सुरू झालेला हा त्रास बाळंतपणानंतर आपोआप जाईल, असे सर्वांनी सांगितले होते आणि तो गेलाही. परंतु दर उन्हाळ्यात, प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर आणि विशेषतः उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, जेव्हा सहा-सात तास एका जागी बसून काढावे लागतात, तेव्हा तो न चुकता परत येत राहिला. गेल्या हिवाळ्यात मी नाशिकमधील एका सर्जन बाईंच्या दवाखान्यात तीन वेळा रबर बँड लावून घेतले, म्हणजे मूळव्याधीच्या मुळाशी घट्ट बँड बसवून ती सुकवून घेतली. त्या उपचाराचे आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही पद्धत जवळपास कोणत्याही जाणत्या सर्जनकडे उपलब्ध असते आणि मला जे सांगायचे आहे ते पाटीवरच्या नावापेक्षा पद्धतीविषयी अधिक आहे.

मधल्या वर्षांत घरगुती म्हणून जे जे करतात ते सर्व करून झाले होते. सासूबाई सुरणाच्या फोडी ताकात शिजवून देत. आयुर्वेदात सुरणाला ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असेच नाव आहे. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी घरात रोजचीच होती, शिवाय रात्री झोपताना इसबगोल. या उपायांना हसण्याचे कारण नाही. चोथा वाढवला की मूळव्याधीतील रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आलेले आहे, आणि माझाही अनुभव तसाच होता : रक्त कमी पडे, पण कोंब, म्हणजे मूळव्याधीचा फुगलेला गोळा, जागचा हलत नसे. सुरुवातीला तो शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जाई. पुढे त्याला बोटाने आत ढकलावे लागू लागले, आणि ही गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा कित्येक महिने सांगितली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास जिना चढताना धाप लागू लागली म्हणून रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सर्जनला दाखवण्यास सांगितले, आणि मी प्रथम ज्या मोठ्या, झगमगीत ठिकाणी गेले तेथे प्रत्यक्ष तपासणी होण्याआधीच एका सल्लागार मुलीने माझ्यासमोर लेझरच्या पॅकेजचा रंगीत कागद ठेवला. रक्कम ८५ हजार रुपये होती आणि ‘आज नोंदणी केली तर’ तीत सवलत होती. शस्त्रक्रियेला सवलतीची मुदत कशी असू शकते, हे मला त्या दिवशीही कळले नाही. पर्स उचलून मी बाहेर पडले.

ज्या दवाखान्याविषयी मी लिहिते आहे तेथील पहिली भेट याच्या नेमकी उलट झाली. बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले : रक्त ताजे लाल असते की काळपट, थेंब पडतात की शौचात मिसळून येते, दुखते का, वजन घटले आहे का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का. नंतर डाव्या कुशीवर निजवून बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वारातून आत पाहण्याच्या आखूड नळीने) तपासले, आणि लगेच बँड लावण्यास चक्क नकार दिला. “मूळव्याध समोर दिसते आहे म्हणून रक्त तिचेच आहे, असे धरून चालत नाही, मॅडम,” असे म्हणून त्यांनी माझे वय ५३ असल्याचे आणि रक्त इतके कमी झाल्याचे कारण देत आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून आणण्यास सांगितले. ती तपासणी त्यांच्या दवाखान्यात होत नसल्याने त्यात त्यांचा एक रुपयाचाही फायदा नव्हता. आतडे धुण्यासाठी आदल्या रात्री पिण्याचे ते खारट औषध मी पुन्हा आनंदाने पिईन असे म्हणवत नाही, पण अहवाल स्वच्छ आला आणि मनावरचे ओझे उतरले. या परीक्षणातील अर्धे गुण मी त्या नकारालाच देते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी माझ्याच जुन्या अहवालाच्या पाठीवर चित्र काढून सर्व समजावले, आणि २६ वर्षांत हे मला प्रथमच कळले. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि संयोजी ऊती यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसाला असतात. वायू आणि पातळ मल रोखून धरण्यास त्यांची मदत होते. रुग्ण उताणा निजला आहे असे मानून घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणली, तर त्या साधारणपणे ३, ७ आणि ११ वाजण्याच्या जागी असतात. वर्षानुवर्षे कुंथल्याने, बद्धकोष्ठतेने किंवा गरोदरपणातील दाबाने त्यांचा आधार सैल पडतो, त्या फुगतात आणि खाली घसरतात. यालाच आपण मूळव्याध म्हणतो. नुसते रक्त पडते ती पहिली पायरी, कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, बोटाने ढकलावा लागतो ती तिसरी, आणि ढकलूनही आत जात नाही ती चौथी. माझे दोन कोंब दुसऱ्या पायरीचे आणि एक तिसरीचा होता. बँडचा उपयोग मुख्यतः दुसऱ्या आणि निवडक तिसऱ्या पायरीला होतो, आणि जी पहिली पायरी आहारानेही आटोक्यात येत नाही तिलाही होतो. चौथ्या पायरीला आणि बाहेरच्या मोडांना तो लावायचा नसतो. या शेवटच्या गोष्टीचे कारणही मला आवडले : आतल्या त्वचेत एक दंतुर रेषा असते, तिच्या वरच्या भागाला टोचल्याची किंवा कापल्याची वेदना कळत नाही आणि खालच्या भागाला हाताच्या बोटाइतकीच कळते. म्हणून आतल्या मूळव्याधीतून रक्त वाहते पण सहसा दुखत नाही, आणि म्हणूनच भूल न देता तेथे बँड बसवता येतो.

कल्पना तशी फार जुनी आहे. कोंबाला जाड लोकरी धाग्याने बांधण्याचा सल्ला प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणात आढळतो, आणि आपल्याकडे सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत. आज वापरतात त्या रबर बँडच्या पद्धतीला सोपे, दवाखान्यातल्या दवाखान्यात उरकण्याजोगे रूप अमेरिकेतील डेट्रॉइट येथील सर्जन जेम्स बॅरन यांनी १९६३ मध्ये दिले. तत्त्व एवढेच, की कोंबाच्या मुळाशी घट्ट बसलेला बँड त्याचा रक्तपुरवठा तोडतो, काही दिवसांत तो भाग सुकून गळतो, आणि तेथे राहिलेला लहानसा व्रण भरताना आतली त्वचा खालच्या स्नायूला चिकटून पुन्हा घसरण्याचे थांबते.

प्रत्यक्ष बँड लावायला दहा मिनिटेही लागली नाहीत. पुन्हा डावी कूस, गुडघे पोटाशी, आणि जेल लावलेला प्रॉक्टोस्कोप. बाईंनी हवा ओढून घेणारे नळीसारखे उपकरण कोंबावर टेकवले, कोंब आत ओढला गेला, आणि बँड सोडण्याआधी त्यांनी विचारले, “टोचल्यासारखे वाटते का? वाटत असेल तर आत्ताच सांगा, मी जागा बदलते.” टोचत नव्हते. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, झाले. बँड दंतुर रेषेच्या फार जवळ बसला तर त्याच क्षणी तीव्र कळ येते आणि तो कापून काढावा लागतो, म्हणून हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जो डॉक्टर तो विचारत नाही त्याच्याकडे हे करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वेळी त्यांनी एकच कोंब बांधला. काही जण दोन किंवा तीनही बांधतात, पण त्याने दुखणे वाढते, आणि मला नोकरी सांभाळायची असल्याने पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन सिटिंग करण्याचे आम्ही ठरवले.

येथपर्यंत सर्व उत्तम. तक्रार सुरू होते ती पुढच्या ४८ तासांपासून. हातात दिलेल्या छापील कागदावर ‘किंचित अस्वस्थता जाणवू शकते’ असे एकच वाक्य होते. प्रत्यक्षात दवाखान्यातून उठताच मला घाम फुटून चक्कर आली (हे अनेकांना होते आणि पाच-दहा मिनिटे आडवे पडल्यावर जाते, हे मला नंतर कळले), आणि त्यानंतर दोन दिवस सतत शौचाला लागल्यासारखे वाटत राहिले. ही भावना फसवी असते : आत काहीच नसते, बांधलेल्या कोंबालाच शरीर मळ समजते, आणि माणूस जाऊन कुंथत बसला तर बँड निसटू शकतो. हे एक वाक्य कागदावर असते तर मी पहिल्या रात्री चार वेळा उठून शौचालयात बसले नसते. ठणका म्हणाल तर पॅरासिटामॉलच्या गोळीने आणि कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसल्याने सोसण्याइतका होता. बाळंतपण झालेल्या बाईने त्याला वेदना म्हणू नये, असे मी माझ्या बहिणीला सांगितले, मात्र माझ्या नवऱ्याच्या मते हे विधान पुरुष रुग्णांना लागू होत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नवव्या दिवशी, शाळेला निघण्याच्या घाईत, शौचाच्या वेळी चांगले चमचाभर ताजे रक्त पडले. सुकलेला कोंब बँडसह सहसा पाच ते दहा दिवसांत गळतो, आणि त्या सुमारास किंवा त्यानंतरच्या आठवड्यात थोडे रक्त जाणे अपेक्षितच असते. पण ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. मी घाबरून फोन केला, बाईंनी तो स्वतः उचलला, शांतपणे प्रश्न विचारले आणि रक्त थांबले आहे ना एवढी खात्री करून घेतली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. तरीही जी गोष्ट इतक्या रुग्णांच्या बाबतीत घडते ती फोनवर सांगण्याची वेळ यावी कशाला? रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हाच रक्तस्राव धोकादायक ठरू शकतो, आणि माझ्या आधी आत गेलेल्या आजोबांना त्यांनी त्याच कारणासाठी बँड नाकारून हृदयरोगतज्ज्ञांकडे परत पाठवले होते, म्हणजे त्यांना याची पूर्ण जाण आहे. फक्त कागद लिहिणाऱ्याला नाही. त्याच कागदावर आणखी एक इशारा ठळक अक्षरांत हवा होता : बँडनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, ताप आला किंवा लघवी अडली, तर ते दुर्मीळ पण जिवावर बेतू शकणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

दुसऱ्या सिटिंगला मी शहाणी झाले होते. शुक्रवारी संध्याकाळची वेळ घेतली, शनिवार-रविवार घरी काढले, शौचाची भावना झाली तरी हट्टाने पुस्तक घेऊन आडवी पडले आणि सोमवारी वर्गात उभी राहिले. तिसऱ्या वेळी तर रविवारीच बाजारात गेले. आज तिसऱ्या सिटिंगला सात महिने झाले आहेत. कोंब बाहेर येत नाही, रक्त पडलेले नाही, आणि लोहाच्या गोळ्यांच्या साथीने हिमोग्लोबिन १२.१ वर आले आहे.

आता इतर पद्धतींविषयी, कारण बँड लावण्यापूर्वी या सर्वांची चौकशी मी शिक्षकी चिकाटीने केली होती. कोंबाच्या मुळाशी औषधाचे इंजेक्शन देणे किंवा अवरक्त किरणांनी तो भाग भाजणे या गोष्टी बँडपेक्षाही सौम्य आहेत, पण त्या लहान, नुसते रक्त पडणाऱ्या मूळव्याधीसाठीच बऱ्या. डॉप्लर यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ओळखून, धमनी शोधून ती टाक्याने बांधण्याची पद्धत भूल देऊन करतात. तिची आणि रबर बँडची तुलना ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले : वर्षभरात बँडच्या गटातील १०० पैकी सुमारे ४९ जणांना आणि धमनी बांधलेल्यांपैकी सुमारे ३० जणांना त्रास पुन्हा झाला. हा आकडा प्रथम वाचून मी दचकले होते. परंतु त्या चाचणीत एकदाच बँड लावून पुढे पाहिले होते, आणि दुसऱ्यांदा बँड लावणे हा उपचाराचाच भाग मानला तर दोन्ही गटांतील अंतर बरेच कमी होते, शिवाय बँड स्वस्त आणि कमी वेदनेचा ठरला. म्हणूनच एका सिटिंगमध्ये कायमचा बरा करतो असे म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ‘दोन-तीन वेळा यावे लागेल आणि काही वर्षांनी कदाचित पुन्हा’ असे सांगितले ते मला प्रामाणिक वाटले.

मोठ्या कोंबांसाठी कापून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया, जी लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडली, ती आजही सर्वांत टिकाऊ मानली जाते. तिच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या वेदनांचे वर्णन माझ्या दिरांनी केले आहे आणि ते येथे छापण्याजोगे नाही. १९९८ मध्ये इटलीच्या लाँगो यांनी आणलेली स्टेपलरची पद्धत सुरुवातीला कमी दुखते म्हणून गाजली, पण ब्रिटनमध्येच ७७७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत दोन वर्षांच्या हिशेबात जुनी पद्धतच सरस निघाली. लेझर वाईट आहे असे मी म्हणत नाही. जखम लहान असते आणि काहींना ते खरोखर योग्य असते. मात्र रुग्णाला न तपासता ते सर्वांना सारखेच योग्य असते, हे मला मान्य नाही. क्षारसूत्र (औषधी क्षार लावलेला धागा बांधणे) हा आयुर्वेदातला शास्त्रशुद्ध आणि मुख्यतः भगंदरासाठी नावाजलेला उपचार आहे, त्याची गल्लत रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात’ असे रंगवणाऱ्यांशी करू नये. ते इंजेक्शन कशाचे असते हे कोणी सांगत नाही, आणि त्याने जागा सडलेल्या रुग्णांवर उपचार करण्याची वेळ सर्जनांवर येते.

खर्चाचा हिशेब असा : तपासणी ६०० रुपये आणि प्रत्येक सिटिंगचे साडेसहा हजार, पावतीसह. कोलोनोस्कोपी वेगळी. विम्याचे पैसे मिळाले नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये मूळव्याधीसाठी दोन वर्षे थांबावे लागते, ती अट माझी कधीच पूर्ण झाली होती; पण दाखल न होता बाह्यरुग्ण म्हणून केलेला हा उपचार माझ्या पॉलिसीत बसत नव्हता. म्हणजे भूल देऊन केलेल्या ८५ हजारांच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळाले असते, आणि साडेसहा हजारांचे नाही. यातून लोक कोणत्या उपचाराकडे वळतात, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञ नको.

स्वागतकक्षाविषयी मात्र नाराजी लिहिलीच पाहिजे. भरलेल्या खोलीत, जिथे माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील बसले होते, तेथे “बँडिंगच्या बाई कोण?” असा पुकारा झाला. जो आजार बायका वीस-वीस वर्षे लपवतात त्याच्या दवाखान्यात नावाऐवजी आजाराने हाक मारणे अक्षम्य आहे. मी बाईंना तसे सांगितले. तिसऱ्या भेटीपर्यंत तेथे क्रमांकाची चिठ्ठी सुरू झाली होती. छापील कागद मात्र तोच होता.

उपचाराला पाचपैकी साडेचार, डॉक्टरांना पाच, आणि दवाखान्याच्या व्यवस्थेला तीन. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि संध्याकाळी पाच ते आठ याच वेळेत बँड लावतात. जाताना हलके खाऊन जावे, लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावे, कारण बहुतेक बँड त्याचेच असतात, आणि सोबत कोणीतरी असू द्यावे. मी पहिल्या वेळी एकटीच स्कूटरवर गेले होते. परतताना रिक्षा केली, रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोजला, आणि स्कूटर दुसऱ्या दिवशी मुलीने जाऊन आणली.